आज रात्रीची गोळी आणि सहा आठवड्यांची गोळी

औषधाच्या दुकानात कात्री कायम हाताशी असते. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चारच गोळ्या कापून मागणारे गिऱ्हाईक आमच्या भागात रोजचे आहे, कारण आठवड्याच्या मजुरीत औषधही आठवड्यापुरतेच बसते. मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मी गेली बावीस वर्षे मेडिकल चालवतो आणि या कात्रीकडे पाहूनच मनाच्या आजारांवरील औषधांबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते.

निमित्त झाले ते एका संध्याकाळचे. पस्तिशीतल्या एका बाईंनी एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीची अर्धी संपलेली स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, धा दिवस झाले, फरकच पडंना. उलट नुसती मळमळ होऊ लालीय. ह्या वापस घ्या.” त्यांच्या मागे उभे असलेले निवृत्त गुरुजी खिशातून घडी घालून घालून पिवळी पडलेली, आठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढत होते. त्यांना घबराट आवरणारी, झोप आणणारी अल्प्राझोलॅम हवी होती. “ही मात्र लागू पडलेली गोळी आहे, अर्ध्या तासात माणूस शांत,” असे ते त्या बाईंकडे पाहून कौतुकाने म्हणाले. दोघांनीही आपापल्या गोळीचा निकाल एकाच मापाने लावला होता: आज घेतली, आज काय झाले? ताप आणि डोकेदुखी यांच्या बाबतीत हे माप बरोबर आहे. मनाच्या आजारांत मात्र ते बहुधा उलटा निकाल देते, आणि त्यामुळे जी गोळी नेटाने चालू ठेवायची ती दहाव्या दिवशी परत येते आणि जी महिन्याभरात थांबवायची ती आठ वर्षे चालते.

आमच्याकडे या सगळ्या औषधांना मिळून ‘डोक्याच्या गोळ्या’, ‘नसांच्या गोळ्या’ किंवा सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात. एकाच नावाखाली निदान चार-पाच निरनिराळे गट मोडतात, त्यांची कामाची जागा वेगळी, कामाला लागणारा वेळ वेगळा आणि धोकेही वेगळे. म्हणून आधी ती जागा पाहू.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये फट असते, एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. एका पेशीला दुसरीला काही सांगायचे असेल तर ती या फटीत एक रासायनिक द्रव्य सोडते. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन, गाबा ही त्यांतली काही नावे. पलीकडच्या पेशीवर ते द्रव्य झेलणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. द्रव्य ग्राहीवर बसले की निरोप पोहोचला. पण काम तेवढ्यावर संपत नाही. पोहोचलेला निरोप पुसावाही लागतो, नाहीतर पुढचा निरोप कळणार कसा? त्यासाठी पहिली पेशी उरलेले द्रव्य परत आत ओढून घेते, किंवा एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करते.

हे पुसण्याचे काम थांबले तर काय होते, हे कापूस-तुरीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तोंडाला फडके न बांधता भर उन्हात ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या औषधाची फवारणी केलेल्या माणसाला दवाखान्यात आणतात तेव्हा त्याची लाळ गळत असते, अंग घामाने भिजलेले असते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि श्वास घरघरत असतो. ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याचे तुकडे करणारे विकर त्या विषाने बंद पाडलेले असते, त्यामुळे तोच निरोप शरीरभर वाजत राहतो. डॉक्टर मग ॲट्रोपिन देतात. ॲट्रोपिन ते द्रव्य कमी करत नाही. ते ग्राहीच्या जागेवर स्वतः जाऊन बसते, त्यामुळे निरोप कितीही वाजला तरी ऐकणारा कान बंद असतो. या एका प्रसंगात औषधशास्त्राच्या दोन मोठ्या युक्त्या दिसतात: पुसणे अडवून निरोप लांबवणे आणि ग्राही झाकून निरोप अडवणे. विषात आणि औषधात फरक मात्रेचा, जागेचा आणि सौम्यपणाचा असतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिले जाणारे रिव्हास्टिग्मिन हे औषध त्याच विकराला मोजून-मापून आणि तात्पुरते रोखते. नैराश्यावरची बहुतेक औषधे पहिल्या युक्तीची आहेत, भास आणि भ्रम यांवरची दुसऱ्या युक्तीची.

नैराश्यावरचे पहिले औषध क्षयरोगाच्या वॉर्डात सापडले. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते, आणि फुप्फुसे पुरती बरी होण्याआधीच ते खाटेला खिळलेले लोक उत्साहाने हिंडूफिरू लागले, जेवण मागू लागले. पुढे कळले की हे औषध संदेशद्रव्यांचे तुकडे करणाऱ्या एका विकराला अडवते. १९५७ साली रोलंड कून या स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञाने इमिप्रामिनचा नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध केला. ही जुनी औषधे प्रभावी असली तरी त्यांचे त्रास मोठे होते. डिसेंबर १९८७मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि आज सर्वाधिक लिहिला जाणारा गट त्यातून रूढ झाला. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन हे सगळे त्याच गटातले. फटीत सोडलेले सेरोटोनिन पेशी परत आत ओढते, ती ओढण्याची वाट ही औषधे अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत अधिक काळ राहते.

आता त्या बाईंची तक्रार. शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन डोक्यात नसून आतड्यात असते. गोळी पोटात जाते तेव्हा तिचा पहिला संबंध त्याच्याशी येतो. म्हणून सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणे हे त्रास होतात आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरतात. गोळी काही खाऊन घेतली तर त्रास आणखी कमी होतो. म्हणजे मळमळ होते याचा अर्थ गोळी लागू पडत नाही असा नाही.

मग फरक का पडत नाही? पुसणे तर पहिल्याच दिवशी अडते. पण पेशीही आपली राखण करते. फटीत सेरोटोनिन वाढले हे ओळखून ती सुरुवातीला स्वतःच हात आखडता घेते आणि कमी द्रव्य सोडते. ही राखण सैल व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्यानंतर पेशींच्या आतली यंत्रणा व एकमेकींशी असलेले त्यांचे जोड हळूहळू बदलू लागतात. रात्रभर जागून दारे धरली म्हणून सकाळी ज्वारी वीतभर वाढलेली दिसत नाही. पाणी मुळाशी पोहोचलेले असते, वाढ पुढे होते. म्हणूनच दोन ते चार आठवड्यांनी उतार पडू लागतो आणि पूर्ण अंदाज यायला सहा आठवडे द्यावे लागतात. आधी झोप आणि भूक सावरते, मनावरचा मळभ नंतर हटतो.

एक गैरसमज शिकलेल्यांतही आहे आणि तो पसरवण्यात आम्ही औषधवाल्यांनीही हात दिला आहे: नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, गोळीने ती भरून निघते. हे सांगायला सोपे आहे, परंतु २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात या कमतरतेचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळ्या निकामी ठरतात का? नाही. कणगीतल्या ज्वारीत कडुलिंबाचा पाला टाकला की कीड लागत नाही, पण म्हणून ज्वारीत कडुलिंबाची कमतरता होती असे कोणी म्हणत नाही. औषध काम करते की नाही हे वेगळ्या रीतीने तपासावे लागते. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ५२२ चाचण्या आणि १,१६,००० हून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला गेला, त्यात नैराश्यावरची तपासलेली सर्व २१ औषधे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यमच होता, ही बाबही लपवू नये. मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळीचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो. हलक्या उदासीत समुपदेशन, झोपेची शिस्त आणि माणसांचा आधार यांनीही भागू शकते. कर्जाचा हप्ता कोणतीच गोळी फेडत नाही. पण तोच हप्ता डोळ्यांसमोर असताना उठून बँकेत जाण्याएवढे त्राण ती परत आणू शकते, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार काही जणांमध्ये वाढू शकतात. वयाने मोठ्या माणसांतही कधी कधी अंगात हालचाल आधी येते आणि निराशा मागे रेंगाळते. हे दिवस घरच्यांनी सोबत राहण्याचे असतात, आणि फवारणीचे डबे याच काळात घराबाहेर कुलपात ठेवायचे असतात. माणूस जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दुसरी सावधगिरी अशी की, आधी कधी अतिउत्साहाचे, बिनझोपेचे, उधळपट्टीचे झटके येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजेत, कारण अशा माणसाला केवळ नैराश्याची गोळी दिली तर तो उलट्या टोकाला जाऊ शकतो.

बरे वाटू लागल्यावर गोळी बंद करण्याची घाई होते. पहिल्या वेळचे नैराश्य असेल तर बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात आणि मग मात्रा उतरवत नेतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होते. लोक याला सवय लागली म्हणतात, पण इथे गोळीची तलफ येत नाही किंवा मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. लैंगिक इच्छा मंदावणे हा त्रास बऱ्याच जणांना होतो. काउंटरवर चार माणसांत तो कोणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते.

त्या बाईंनी स्ट्रिप परत नेली. दीड महिन्याने पुढच्या गोळ्यांसाठी आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या की आता भाकर गोड लागते.

गुरुजींच्या गोळीची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. अल्प्राझोलॅम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले. गाबा हे मेंदूतले आवरणारे द्रव्य आहे. ते ग्राहीवर बसले की पेशी शांत होते. ही गोळी त्याच ग्राहीवर शेजारी बसून गाबाचा परिणाम वाढवते, आणि पेशीत काही बदल घडण्याची वाट पाहावी लागत नसल्यामुळे तासाभराच्या आत घबराट ओसरते, झोप येते. फेफरे थांबवायला, दारू सोडतानाची थरथर सांभाळायला, नैराश्याच्या गोळीच्या पहिल्या आठवड्यांतील अस्वस्थतेत आधार म्हणून ती मोलाची आहे. मात्र मेंदू इथेही राखण करतो: काही आठवड्यांत तीच मात्रा अपुरी पडू लागते आणि गोळी चुकली तर आधीपेक्षा जास्त घबराट होते. माणसाला वाटते, पाहा, गोळीशिवाय माझे चालतच नाही. प्रत्यक्षात तो पूर्वीचा आजार नसून गोळी उतरण्याचा त्रास असतो. म्हणून ही औषधे शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरती लिहावीत असा संकेत आहे. म्हातारपणी त्यांनी तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, विसरभोळेपणा वाढतो. दारूचे कामही त्याच ग्राहीवर चालते, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

कायद्याने अल्प्राझोलॅम आणि डायझेपाम १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहेत. दुकानदाराने रुग्णाचे, डॉक्टरांचे आणि औषधाचे नाव, किती दिले हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ती वही आमच्या धंद्यात सगळ्यांनी सारख्याच निष्ठेने लिहिली असती तर आठ वर्षांची चिठ्ठी चाललीच नसती, हे मान्य करतो. पण जुन्या चिठ्ठीला नकार देऊन मोकळे होणेही बरोबर नव्हते, कारण इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात तोडली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फेफरेही येते. गुरुजींना मी त्याच दिवशी अंबाजोगाईच्या मानसोपचार ओपीडीची वाट दाखवली. तिथून आलेल्या कागदावर दर दोन आठवड्यांनी मात्रा किती उतरवायची ते लिहिले होते, आणि पाच महिने ते काउंटरशी बसून नव्या ब्लेडने गोळीचे चतकोर करीत असत. वर्गात खडूचे तुकडे वाटावेत तसे ते चतकोर कागदी पुड्यांत भरून प्रत्येक पुडीवर तारीख घालत. शेवटच्या महिन्यात त्यांची झोप तुटक होती आणि चिडचिड बरीच होती. तो सगळा राग माझ्यावर निघाला.

तिसरा गट भास आणि भ्रम यांवरचा. आमच्याकडे या आजाराची पहिली पायरी बहुधा दवाखान्याची नसते. ‘बाहेरचे लागले’, ‘भानामती केली’ म्हणून देवऋषी, दर्गे, जागर यांत महिने जातात, आणि शेवटचे टोक म्हणजे ‘येरवड्याला न्यावे लागेल’. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, म्हणजे मराठवाड्याबाहेर. त्यामुळे येरवडा हे आमच्या बोलीत गावाचे नाव कमी आणि धमकी जास्त आहे. आज या आजाराचे बहुसंख्य रुग्ण घरी राहून बरे राहू शकतात ते गोळ्यांमुळे, आणि त्या गोळ्यांच्या इतिहासात आपल्याकडच्या एका मुळीचाही वाटा आहे.

सर्पगंधा ही ती मुळी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापून आला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झ्याँ दले आणि पिएर दनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरून पाहिले आणि वर्षानुवर्षे वॉर्डात बंद असलेली माणसे बोलू लागली. रेसर्पिनचे पुढे मनोविकारांतले स्थान गेले, पण त्याने एक मोठे काम केले: स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते निश्चल झाले, आणि डोपामिन तयार होण्यासाठी लागणारे द्रव्य टोचताच पुन्हा हलू लागले. डोपामिन स्वतःच एक निरोप्या आहे हे यातून उलगडले. २०००चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे ॲट्रोपिनच्या चालीने डोपामिनचे ग्राही झाकतात. ज्या गोष्टीला काही अर्थ नाही तिलाही मोठा अर्थ चिकटवण्याचे काम या आजारात अति झालेले असते: शेजाऱ्याचा खोकला इशारा वाटतो, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दल बोलतो. ग्राही झाकले की हा अर्थाचा भडिमार मंदावतो. तडफड आणि जागरण दोन-चार दिवसांत कमी होते. संशय आणि आवाज विरायला मात्र आठवडे लागतात, आणि आवाज बंद झाले तरी आधी वाटलेले खोटे होते हे पटायला त्याहून जास्त.

डोपामिनचे दुसरे काम हालचाल सांभाळण्याचे. तिथलेही ग्राही झाकले जातात, त्यामुळे अंग ताठणे, हात थरथरणे, एका जागी बसवत नाही अशी तगमग होणे हे त्रास उद्भवतात. एकदा एका विशीतल्या मुलाला हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिल्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांनी जीपमध्ये घालून माझ्या दुकानासमोर आणले. मान एका खांद्याकडे वळून अडकलेली, बुबुळे वर चढलेली, जबडा आवळलेला. आई रडत म्हणत होती, “म्या आधीच म्हणत व्हते, ह्यो दवाखान्याचा आजार न्हाई.” भानामतीचे याहून पक्के चित्र कोणाच्याही मनात उभे राहणार नाही. पण तरुण मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत या औषधाने असे होते, हे पुस्तकात लिहिलेले आहे. समोरच्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले आणि अर्धा तास व्हायच्या आत मान सरळ झाली. पहिले इंजेक्शन देताना घरच्यांना दोन वाक्यांत हे सांगितले असते तर त्यांची रात्र वाचली असती आणि देवऋषीचा दावा मोडला असता.

नव्या औषधांत हा त्रास कमी असला तरी ओलान्झापिनसारख्या औषधाने भूक आणि वजन झपाट्याने वाढते, साखर चढते. म्हणून वजन, कमरेचा घेर आणि साखर ठरावीक मुदतीने मोजावी. दोन औषधे थकल्यावर दिले जाणारे क्लोझापिन हे या गटातले सर्वांत प्रभावी औषध, पण त्याने क्वचित पांढऱ्या पेशी घातक पातळीपर्यंत घटतात. १९७५मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे मृत्यू झाल्यावर ते अनेक ठिकाणी मागे घेतले गेले आणि रक्ततपासणीच्या अटीवर परत आले; सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासण्याची रूढ पद्धत आहे. आणखी एक बाब आमच्या भागासाठी महत्त्वाची: बिडीच्या धुराने यकृतातले एक विकर तेज होते आणि ओलान्झापिन व क्लोझापिन लवकर संपवून टाकते. रुग्णाने दवाखान्यात असताना बिडी सोडली, तर तीच मात्रा अंगात जास्त साठते. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूतल्या निकोटिनचा नाही, म्हणून चुना-तंबाखू मळणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही. डॉक्टरांनी ‘व्यसन आहे का’ असे विचारले तर नुसते ‘आहे’ म्हणू नये. कोणते आणि किती ते सांगावे.

लिथियम या सगळ्यांपासून वेगळे. कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची निराशा अशा दुध्रुवी आजारात ते दोन्ही टोके आवरते. तो कोणत्याही प्रयोगशाळेत बनवलेला रेणू नाही. मिठातल्या सोडियमचा हा धाकटा भाऊ, खनिजात सापडणारा. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उपयोग प्रथम मांडला. हे औषध फटीतल्या निरोपाऐवजी पेशीच्या आतल्या साखळीवर काम करते. उत्साहाचा झटका आवरायला त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि झटके परत येऊ नयेत म्हणून ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

इथे चुकीला जागा फार थोडी आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढलेल्या रक्तात त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी, १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणे सुरू होतात: हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, जीभ जड होणे, चालताना झोकांड्या जाणे. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. शरीरातले मीठ आणि पाणी कमी झाले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. आता परळी किंवा परभणीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा, पारा बेचाळीसच्या वर, रोजगार हमीच्या कामावर दिवसभर घाम, घरी टँकरचे मोजके पाणी; किंवा निर्जळी उपवास, रोजा, किंवा साधी हगवण. मात्रा तीच, गोळी वेळेवर, तरी पातळी चढते. त्यातच अंगदुखीवर कोणी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले तर आणखी चढते. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. रक्तदाबाच्या काही गोळ्याही हेच करतात. म्हणून लिथियम नेणाऱ्या प्रत्येकाला मी उन्हाळा लागताच पुन्हा सांगतो: पाणी भरपूर, मीठ नेहमीइतके, उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचे, आणि उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वर्षातून दोनदा थायरॉईड आणि मूत्रपिंड तपासायचे ते वेगळेच.

याच आजारात व्हॅल्प्रोएटही देतात, मात्र गर्भ राहू शकेल अशा वयाच्या स्त्रियांना ते टाळायचे असते. गरोदरपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या दर शंभर बाळांपैकी सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते, आणि बौद्धिक वाढीवर होणारा परिणाम त्याहून अधिक बाळांत दिसतो. लग्न ठरलेल्या मुलीचे औषध सासरी कळू नये म्हणून घरचे लोक ते लपवतात, आणि मग दिवस गेल्यावर धावपळ होते. ते औषध बदलायचे असते ते लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीच, आणि तेही मनाने बंद न करता डॉक्टरांकडून.

दारूवरच्या गोळीबद्दल दोन वाक्ये, कारण ती मागायला बायका दबक्या आवाजात येतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर दारूचे विघटन अर्ध्यावर अडते आणि उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे अशी अवस्था होते. ‘त्याच्या नकळत जेवणात मिसळा’ या सल्ल्याने माणूस मरू शकतो, म्हणून ती चिठ्ठीशिवाय आणि त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय मी देत नाही.

दसरा झाला की आमच्या तालुक्यातली निम्मी वस्ती ऊसतोडीला बाहेर पडते आणि सहा महिने फडावरच असते. त्या मानेच्या प्रसंगातला मुलगा आता रिस्पेरिडोनवर आहे आणि गेली तीन वर्षे कोयता चालवतो. महिन्याचे इंजेक्शन घेण्याचाही पर्याय त्याच्यासमोर आहे, पण कर्नाटकातल्या कारखान्याजवळ ते कोण देणार म्हणून त्याने गोळ्यांनाच पसंती दिली. यंदा घटस्थापनेच्या आधी त्याची आई आली. फडावर किती दिवस जातील ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते, आणि पैसे तिने मुकादमाच्या उचलीतून आधीच बाजूला काढले होते. मी स्ट्रिपा मोजल्या, महिन्यागणिक सहा पिशव्या केल्या, प्रत्येकीवर महिन्याचे नाव आणि त्याखाली चंद्र काढला, कारण तिला वाचता येत नाही आणि गोळी रात्रीची आहे. तिने पिशव्या ट्रंकेत धान्याच्या खाली न ठेवता वर ठेवणार असल्याचे सांगितले. कात्री त्या दिवशी लागलीच नाही.